बालाजीची पहाट

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या कॉलेजात बाकांवर खडूनं नंबर पडायला लागतात. शिपाईमामा एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं घेऊन वर्गावर्गांतून फिरतात, जुना नंबर पुसतात, नवा टाकतात. खिडकीबाहेर लिंबाची पानगळ चाललेली असते. नांदेडात थंडी कधी जाते ते कळत नाही. एक दिवस दुपारी वर्गात शिरावं तर पंखा चालू असतो आणि कुणी चालू केला हे कुणालाच आठवत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला बारावीचे पेपर संपेपर्यंत दुकान बंद ठेवायची नोटीस येते, आणि तो दरवर्षी मला अडवून विचारतो, "मॅडम, पोरं कॉपी करतात आन पोट माझं कामून मारून राहिले?" मी हसून पुढं जाते. हे दिवस मला आवडायला हवेत खरं तर. मी शिक्षिका आहे, परीक्षा हा माझा हंगाम. पण याच दिवसांत मला लेखनिकांची बैठक घ्यावी लागते.

लेखनिक म्हणजे दुसऱ्याचा पेपर लिहून देणारा. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही किंवा ज्याचा हात चालत नाही, त्यानं उत्तर सांगायचं आणि लेखनिकानं ते कागदावर उतरवायचं. बारावीच्या मुलाला अकरावीचा लेखनिक, म्हणजे ज्याला उत्तरं येत नसतील असा. दरवर्षी तीन-चार मुली समोर बसतात, नवा पेन, नवा पॅड, चेहऱ्यावर आपण काहीतरी चांगलं करतोय याचं तेज. मी सूचनांचा कागद वाचून दाखवते. सांगेल तेच लिहावे. स्वतःचे काही घालू नये. लिहिलेले वाचून दाखवावे. तिसऱ्या सूचनेशी मी वाचायची थांबते. मुलींना वाटतं मॅडमना उन्हाचा त्रास होतोय, कुणीतरी पळत जाऊन पाणी आणतं. मी पाणी पिते आणि बैठक संपवते.

मी स्वतः लेखनिक होते. एकदाच.

अकरावीत होते तेव्हा. आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात येऊन विचारलं होतं, "अक्षर कुणाचं चांगलं आहे?" सगळ्या वर्गानं माझ्याकडं बघितलं. माझं अक्षर मोत्यासारखं, असं बालवाडीपासून ऐकत आलेली मी. कान कसे आहेत ते कुणी विचारलं नाही. रुबीना, तू बालाजीचे पेपर लिहायचे, सर म्हणाले, आणि मी घरी येईपर्यंत हवेत होते. माझे अब्बा शिंपी. दुकानाच्या फळीवर बसून काज करत होते. ऐकून त्यांनी सुई थांबवली आणि म्हणाले, "बडी अमानत है बेटा." अमानत म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं आपल्या हाती सोपवलेली वस्तू. मला तेव्हा त्यातलं फक्त 'बडी' ऐकू आलं.

बालाजी अर्धापूरजवळच्या एका खेड्यातला. वडलांची केळीची बाग, घरात पाच माणसं, आणि हा जन्मापासून न पाहणारा. दुसऱ्यांकडून धडे वाचून घेऊन, ऐकून ऐकून बारावीपर्यंत आलेला. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. परीक्षेआधी आम्ही दोघं दोन-तीनदा सरावाला बसलो. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं होतं.

"हे बघ, माझं सगळं शिक्षण दुसऱ्याच्या तोंडानं झालं. जे वाचून दाखवलं ते ऐकलं, जे वगळलं ते मला कळलं बी न्हाई. पेपर तेवढा माझा हाय. चुकला तरी माझा."

"हो," मी म्हणाले.

"मार्क चांगले पडले तर लातूरला जाणार मी. तिथं होस्टेल हाय. न्हाई पडले तर दादा म्हणतेत, बागेत झोपडीवर बसून राहा, राखण तर होईल." आणि मग स्वतःच हसला. "मी काय राखण करणार? चोर येऊन विचारंल, घड कुठं ठेवले रे."

मी हसले नाही. मला त्याची कीव आली. ही कीवच पुढं सगळं करून गेली, म्हणून सांगते.

आम्हाला बसायला दिलेली खोली म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. बोलण्यानं बाकीच्या मुलांना त्रास नको म्हणून. एका कोपऱ्यात व्हॉलीबॉलची जाळी, एका कोपऱ्यात लेझीम, आणि मधे एक टेबल, तीन खुर्च्या. दारापर्यंत पोचायला चार पायऱ्या, त्यातली तिसरी तुटलेली. बालाजी पहिल्या दिवशी त्या पायरीवर आपटला. दुसऱ्या दिवशी त्याला ती पाठ झाली होती. मी मात्र त्या दिवशी तिथंच ठेचकाळले. खोलीवर नेमलेले पर्यवेक्षक कंधारकडचे होते, वयस्क, प्रेमळ. ते मला पुन्हा पुन्हा म्हणायचे, "लई पुण्याचं काम करून राहिलीस बाई." बालाजी समोरच बसलेला असायचा. त्याच्याशी ते एक शब्द बोलत नसत. त्याला पाणी हवंय का, हेसुद्धा मलाच विचारायचे.

मराठीचा पेपर. निबंधाला चार-पाच विषय होते. मी वाचून दाखवले. नदीचं आत्मवृत्त होतं, मोबाइलचे फायदे-तोटे होते, आणि एक होता, 'मी पाहिलेली पहाट'. तो मी भरभर वाचला, जरा लाजल्यासारखाच, जणू विषय काढणाऱ्याची चूक माझी आहे.

"तो पहाटेचा घे," बालाजी म्हणाला.

मी हळूच म्हटलं, "अरे, नदीचं सोपं आहे."

"पहाटेचा लिही."

पर्यवेक्षकांनी वर बघितलं. मी लिहायला घेतलं.

तो सांगायला लागला. पहाट आधी पायाला कळते. बागेतली माती गार असते आणि पाटाच्या कडेला जास्त गार. केळीच्या वरच्या पानावरचं दव खालच्या पानावर पडतं, तिथून त्याच्या खालच्या, त्यामुळं पाऊस नसला तरी बागेत टपटप चालू असते. वाऱ्यानं फाटलेली पानं एकमेकांना लागतात तेव्हा कुणीतरी कपडे घड्या घालून ठेवतंय असं वाटतं. लाइट आली की मोटार सुरू होते. मग मी मनात आकडे म्हणतो. ऐंशीच्या आत पाणी माझ्या पायाला लागतं. घड कापला की चिकाचा वास येतो. चिकाचा डाग मला दिसत नाही, पण वाळल्यावर त्या जागी कापड कडक होतं. बांधावर मी रोज एकाच जागी बसतो, म्हणून सूर्य रोज माझ्या डाव्या गालावर उगवतो.

पहिली दोन वाक्यं मी तशीच लिहिली. खरंच लिहिली. मग माझा हात थांबला. मला वाटलं, हे काय? यात पूर्व दिशा नाही, रंग नाही, पाखरं नाहीत. पेपर तपासणारा कुठल्या तरी गावी गठ्ठा घेऊन बसलेला असणार, त्याला काय माहीत हा कोण आहे? तो म्हणेल, पहाट पाहिली म्हणतो आणि पाहिलं काहीच नाही. मार्क कापेल. मग लातूर गेलं, होस्टेल गेलं, हा बसला झोपडीवर. आणि मला तर दहावीत पहाटेवरचा निबंध तोंडपाठ होता, गाइडातला, मॅडमनी 'छान' असा शेरा मारलेला. मी त्याची दोन वाक्यं खोडली आणि लिहायला लागले. पूर्व दिशा हळूहळू उजळू लागली. सोनेरी किरणांनी सारी सृष्टी न्हाऊन निघाली. हिरव्यागार झाडांवर रंगीबेरंगी पक्षी किलबिलाट करू लागले.

पाठ असलेलं लिहायला डोकं लागत नाही. हात लिहीत होता, कान मोकळे होते. तो सांगत होता ते सगळं मला ऐकू येत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडत होतं. डाव्या गालाचं वाक्य आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तरी मी लिहिलं 'सोनेरी'.

संपल्यावर तो म्हणाला, "वाचून दाखव."

आता काय करायचं? समोर कागदावर गाइड होतं. मी कागद तोंडासमोर धरला आणि त्याचं त्याला म्हणून दाखवलं. गार माती, टपटप, ऐंशीच्या आत पाणी, कडक झालेलं कापड, डावा गाल. एकही शब्द न अडखळता. पर्यवेक्षक मान डोलवत होते. मी थांबले. तो जरा वेळ तसाच बसून राहिला, मान एका बाजूला कलती करून.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

"बरं. पुढचा प्रश्न वाच."

मे महिन्यात निकाल लागला. मराठीत त्याला चांगले मार्क पडले, सगळ्या विषयांत मिळून लातूरला जाता येईल एवढे पडले. त्याचे वडील माझ्या घरी केळीचा घड घेऊन आले होते. अब्बांनी त्यांना बसवलं, चहा पाजला. वडील म्हणाले, "तुमच्या पोरीनं माझ्या पोराचं सोनं केलं." मी आतल्या खोलीत होते. मला बाहेर जाववेना. घड पिकला, घरभर वास सुटला, सगळ्यांनी खाल्ला, मी एकही केळं खाल्लं नाही. अम्मी म्हणाली पोरीला नजर लागली.

आठवडाभरानं मी अब्बांना सांगितलं. वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, त्याचं भलंच झालं ना. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "कपडा बदल दी ना तू उसका." शिंप्याच्या घरात याच्याइतका वाईट शब्द नाही. गिऱ्हाईकानं आणलेलं कापड बाजूला ठेवून दुसरं शिवून द्यायचं. ते किती का भारी असेना. गिऱ्हाईकाला निदान दिसतं तरी. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांनी मशीन सुरू केलं.

तेव्हापासून वीस-बावीस वर्षं झाली असतील. मी मराठी घेऊन एम.ए. केलं, इथंच नोकरीला लागले, शेकडो निबंध तपासले. सोनेरी किरणं आली की माझा लाल पेन आपोआप अडतो. मुलांना वाटतं मॅडम खडूस आहेत. सकाळी ओट्याशी उभी असते तेव्हा उजेड खिडकीतून माझ्या डाव्या बाजूला येतो. गाल गरम होतो. हे आधीही होत असणारच, पण मला ते बालाजीनं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि आता एक दिवस चुकत नाही. दूध उतू जातं. नवरा म्हणतो, कुठं हरवतेस गं? काय सांगणार त्याला? एका माणसाचं वाक्य मी घेऊन बसलेय, आणि त्याच्या नावावर मात्र मी फुकटचं काहीतरी लिहून ठेवलंय.

आमच्या कॉलेजात आता रॅम्प झालाय. उद्घाटनाला फीत कापली, फोटो निघाले. वरती जे दार आहे त्याला कुलूप असतं आणि खालच्या तोंडाशी मास्तरांच्या गाड्या लावलेल्या असतात. कुणी विचारलं की आम्ही म्हणतो, आहे ना आमच्याकडं रॅम्प. मी आधी यावर फार चिडायचे, आता बोलायला तोंड राहिलं नाही. मी तरी वेगळं काय केलं? माणसाला आत बोलवायचं, खुर्ची द्यायची, कौतुक करायचं, आणि तो बोलायला लागला की त्याचं बाजूला सारून आपलंच बोलायचं. तेही त्याच्या भल्यासाठी.

मागच्या वर्षी पेपर तपासणीच्या एका बैठकीला लातूरला जावं लागलं. बालाजी तिथंच एका कॉलेजात इतिहास शिकवतो हे मला माहीत होतं. बरीच वर्षं माहीत होतं. लोह्याच्या पुढं एस.टी. गेली तसं मी काय बोलायचं ते मनात जुळवायला सुरुवात केली, अहमदपूर येईपर्यंत तीनदा सगळं मोडलं. बैठक संपल्यावर पाय आपोआप त्याच्या कॉलेजकडं वळले. तो स्टाफरूममध्ये एकटाच होता, मोबाइल कानाशी धरून, आतला आवाज एवढ्या भरभर काहीतरी वाचत होता की मला एक शब्द कळेना. अंग भरलंय, केस पिकलेत, वरचं बटण तसंच लावलेलं.

"कोण?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "ओळखलं नाही का? आवाजावरून?"

"लोकांना वाटतं आम्ही आवाजावरून ओळखतो. न्हाई ओळखलं. नाव सांगा."

मी नाव सांगितलं. त्याचा चेहरा उजळला, खरंच उजळला, आणि ते मला सोसेना. त्यानं चहा मागवला. माझ्या मुलांची चौकशी केली. बाग मोडली म्हणाला, भाऊ आता हळद करतात. आताची मुलं संगणकावर स्वतः टाइप करू शकतात, पण परवानगीचा कागद फिरून येईपर्यंत परीक्षाच संपते, म्हणाला. मी हो हो करत होते. चहा संपला आणि मग मी बोलून टाकलं. जसं घडलं तसं, गाइड, सोनेरी किरणं, खोडलेली दोन वाक्यं, सगळं.

त्यानं कप बाजूला सरकवला. "माहीत हाय मला," म्हणाला.

"कसं?"

"तुझा पेन. मी थांबलो तरी चालायचा. मी एवढुसं बोलायचो, तू लांबलचक लिहायची. मला दिसत न्हाई, ऐकू तर येतं की."

"मग तू बोलला का नाहीस तेव्हा?"

"आन काय केलं असतं? ओरडलो असतो तर कॉपीची केस झाली असती, वरीस गेलं असतं माझंच. तुला रागावलो असतो तर तू उद्या आली नसतीस. दोन पेपर राहिले होते. दुसरा लेखनिक रात्रीतून कुठून आणायचा?" तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. बसची वेळ सांगावी तसं सांगत होता. "तुझ्याशी नीटच वागावं लागणार होतं मला. सगळ्यांशीच लागतं."

मी म्हटलं, "मला तुझा निबंध पाठ आहे, बालाजी. सगळा. म्हणून दाखवू?"

"दाखव."

मी तो म्हटला. त्या स्टाफरूममध्ये, दुपारच्या उन्हात. गार माती, टपटप, मोटार, चीक, बांध, डावा गाल. तो मान कलती करून ऐकत होता. मी थांबले.

"तेव्हाबी इथंच थांबली होतीस," तो म्हणाला. "पुढं एक वाक्य होतं."

"नव्हतं," मी म्हणाले, आणि लगेच तो शब्द मागं घ्यावासा वाटला. कारण मला आठवलं, शेवटच्या ओळीला मी गाइडातला समारोप विसरले होते. तो आठवण्यासाठी डोकं खाली घालून बसले होते. तेव्हा बालाजी काहीतरी बोलला होता. मी 'हं' म्हटलं होतं.

"मी वाट बघितली तू वाचशील म्हणून," तो म्हणाला. "बाकी सगळं बरोबर म्हटलंस. म्हणजे ऐकलं होतंस, आन लिहिलं न्हाईस. त्याचं लई लागलं. न ऐकणारे तर रोजच भेटतात."

"काय होतं ते वाक्य?"

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. "राहू दे."

"सांग ना. मी लिहून घेते. आता तरी."

"न्हाई," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात म्हणाला. "ते एक माझ्यापाशी राहू दे."

मग तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. रिक्षावाल्याला त्यानंच हाक मारली आणि बसस्टँडला नीट सोड म्हणून सांगितलं. मी रडत होते. त्याला कळलं असेलच.

यंदा पुन्हा फेब्रुवारी आला. बाकांवर नंबर पडले. परवा लेखनिकांची बैठक झाली, चार मुली होत्या. मी सूचनांचा कागद उघडलाच नाही. त्यांना बालाजीबद्दल सांगितलं, माझं नाव घालून, आदल्या वर्षी लातूरला झालं तेही. मुली पेन हातात घेऊन नुसत्या बसल्या होत्या. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती लागत नव्हती.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, मग ते शेवटचं वाक्य काय होतं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी तेव्हा लिहीत होते."